शहाणी पोर

खळ्यात नाचणीचा भुसा उडत होता आणि त्याची खाज माझ्या मानेवर, दंडांवर, झबल्याच्या आत सगळीकडे सुटली होती… कार्तिकातलं कोवळं ऊन, सारवलेल्या जमिनीचा ओला वास, आणि माझा हात घट्ट धरून मला झऱ्याकडे नेणारी काकी – कुडपणच्या पठारावरची ही माझी पहिली आठवण. मी तीन वर्षांची होते. "चल गो, अंग धुऊन येऊ," काकी म्हणाली, आणि तिनं मला पाण्यात इतका वेळ खेळवलं, की माझी बोटं सुरकुतली. परत आलो तेव्हा आई घरात नव्हती.

"पाण्याला गेलीय. येल आत्ता," काकीनं सांगितलं. मी उंबऱ्यावर बसून राहिले. आम्हीच तर पाण्यावरून आलो होतो, आणि वाटेत आई भेटली नव्हती, एवढं त्या वयातही मला कळत होतं.

बाबा मुंबईला गिरणीत होते. खानावळीचं जेवण त्यांना सोसेना, म्हणून ते आईला न्यायला आले होते. धाकटा भाऊ अंगावर पिणारा, तो तिच्या कडेवर गेला. खोली लहान, तेव्हा मी मागे राहायचं, असं मोठ्या माणसांनी ठरवलं होतं. मी झऱ्यावर पाणी उडवत होते तेव्हा ती पोलादपूरच्या वाटेनं घाट उतरत होती.

"ल्हान हाय, इसरंल," असं तेव्हा जो तो म्हणत असे. आज सत्तरी गाठली तरी या वाक्यानं माझी कानशिलं तापतात. लहान मूल विसरत नाही. त्याच्याजवळ शब्द नसतात, एवढाच त्याचा अपराध, आणि त्याच्या या मुकेपणाचा सोयीस्कर फायदा घेतला जातो. आईच्या लुगड्याला येणारा चुलीच्या धुराचा आणि आमसुलांचा वास मी काही दिवस घरभर हुंगत फिरले… कोनाड्यात, कणगीमागे, तिच्या गोधडीत. मग काकीनं गोधडी धुतली. त्यानंतर मी रडणं थांबवलं, आणि हळूहळू बोलणंही. दिलं ते खायचं, सांगितलं तिथे बसायचं. काकी दुष्ट नव्हती, पण तिला स्वतःची तीन मुलं होती. शेजारणी कौतुकानं म्हणत, "केवढी शहाणी पोर. हट्ट नाय, रड नाय." एक मूल आतून मिटत चाललं होतं आणि अख्खी वाडी त्याला शहाणपण म्हणत होती.

दोन वर्षांनी शिमग्याला आई आली. अंगावर मुंबईचं नवं पातळ, त्याला साबणाचा अनोळखी वास. तिनं हात पसरले. मी काकीच्या मागे लपले आणि विचारलं, "ही बाई कोण गो?"

आईचे हात तसेच राहिले. बाबा मात्र मोठ्यानं हसले. ते हसणं मी त्यांना कधीच माफ केलं नाही. ते गेले तेव्हाही नाही.

पुढे आम्ही सगळे एकत्र राहिलो, माझं शिक्षण झालं, लग्न झालं. माझी लेक तीन वर्षांची झाली, तेव्हा एका दुपारी तिला कुशीत झोपलेली पाहून मला असह्य झालं. आई भाजी निवडत होती. मी विचारलं, "सांगून का नाही गेलात?"

ती देठ मोडत राहिली.

"तुझे बाबा म्हनले, पोर रडंल, मागं धावंल. गपचूप निघू," ती म्हणाली. "तू रडली असतीस ना, तर माझा पाय उचललाच नसता."

"म्हणजे मला रडूसुद्धा दिलं नाही तुम्ही."

"नाय दिलं," ती म्हणाली. मान खालीच होती. बाबांवरचा राग सोपा होता. तिच्यावरचा राग मात्र त्या दुपारपासून मला ना धरता आला, ना सोडता आला.

भाऊ तिला 'अगं आये' म्हणायचा, तिच्याशी भांडायचा, तिच्या मांडीवर डोकं टाकायचा. मी तिला आयुष्यभर 'अहो आई' म्हटलं. लोकांना तो माझा विनय वाटे. ती गेली त्या सकाळी भाऊ "आये, बघ ना गो माझ्याकडं" म्हणत तिला हलवत होता. मीही तिच्या कानाशी वाकले. एकदा तरी 'तू' म्हणायचं होतं… "आई, तुम्ही –" एवढंच तोंडून आलं.