आबांच्या गाडीचा गेलेला आवाज

आबा गेले त्याला दीड वर्ष झालं. तेव्हापासून मी साताऱ्याहून तासगावला माहेरी गेले तरी त्यांच्या लॅपटॉपला हात लावत नव्हते. तो टीव्हीशेजारी रुमालाखाली असायचा आणि आई त्यावरची धूळ पुसायची, तेवढंच. गेल्या महिन्यात मात्र दुपारची जेवणं झाल्यावर आईनंच तो माझ्यापुढं आणून ठेवला.

"त्यांचा त्यो गाड्यांचा खेळ लाव की," ती म्हणाली. "आवाजासकट लाव."

उभा जन्म एसटीचं स्टिअरिंग धरलेला माणूस निवृत्तीनंतर घरात बसून करणार काय? म्हणून मीच माझा जुना लॅपटॉप त्यांना दिला होता आणि त्यात एम्युलेटर टाकला होता, म्हणजे पूर्वी टीव्हीला जोडायचे ते व्हिडिओ गेम कॉम्प्युटरवर चालवणारा प्रोग्रॅम. त्यातली घाटातली शर्यत आबांना आवडली. शर्यत ही गोष्ट मात्र त्यांना कधीच पटली नाही. वळण आलं की वेग कमी करायचे, मागच्याला बाजू द्यायचे, दरवेळी शेवटून पहिले यायचे आणि वर मलाच विचारायचे, "गाडीला एक तरी वरखडा हाय का बघ."

आई तेव्हा बेदाण्याच्या शेडवर निवडायला जायची. बेदाण्याला देतात त्या गंधकाच्या धुरीनं तिचं डोकं उठायचं आणि दुपारी घरी आली की तिला कसलाच आवाज खपायचा नाही. "आवं, बंद करा ती पिरपिर," ती दारातूनच ओरडायची. दुसऱ्या कुणी आवाज बारीक केला असता. आबांना डेपोची सवय. गाडी लावायची तर आधी एकेक बटण बंद करायचं, मगच उतरायचं. एके दिवशी त्यांनी सेटिंगमध्ये जाऊन आवाजापुढची खूणच काढली आणि मग खेळ सेव्ह केला. तो प्रोग्रॅम जुना. खेळ ज्या अवस्थेत थांबवाल त्याच अवस्थेत साठवायचा. आवाज बंद करून साठवला, तर त्या सेव्हमध्ये आवाज उरायचाच नाही. पुढं खूण परत लावली तरी गाडी मुकीच धावायची.

एकदा त्यांचा फोन आला. "आवाज गेलाय गं. इंजिन ऐकू आल्याबिगर गिअर कवा टाकायचा ते कसं कळावं?"

मला हसू आलं. खेळ नव्यानं सुरू करा, आवाज येईल, असं मी सांगितलं. ते त्यांना नको होतं. निम्मा घाट चढलेली गाडी पुन्हा खाली आणायची म्हणजे काय! "आल्यावर बघते," मी म्हटलं. त्यानंतर मी दोनदा येऊन गेले. दोन्ही वेळा त्यांनी आठवण केली आणि दोन्ही वेळा मला साताऱ्याची बस गाठायची होती. शाळेत पोरांना कॉम्प्युटर शिकवणारी बाई मी.

गेल्या महिन्यातल्या त्या दुपारी आई शेजारी बसली आणि मी कामाला लागले. नवा खेळ लावला की आवाज ठणठणीत, आबांचा सेव्ह उघडला की सगळं चिडीचूप. इंटरनेटवर धुंडाळल्यावर उपाय सापडला. नव्या खेळातला आवाजाचा भाग काढून जुन्या सेव्हला जोडता येत होता. आमच्याकडं जंगली वेलीच्या खुंटावर द्राक्षाचं कलम बांधतात, तसलाच प्रकार. आधी मी त्या सेव्हची प्रत काढून ठेवली. चुकून त्यावर दुसरं काही साठवलं गेलं असतं, तर आबा घाटात जिथं थांबले होते ती जागा कायमची गेली असती. सगळं मिळून वीस मिनिटांचं काम निघालं. मला स्वतःची इतकी चीड आली की क्षणभर लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला.

सेव्ह उघडला आणि गाडी किंचाळतच सुटली. आई दचकली, पण ती ड्रायव्हरची बायको.

"अगं, दुसऱ्यावर हाय की ही! वरचा गिअर टाक, इंजिन मारशील."

मी घाईघाईनं गिअर बदलला. आवाज खाली आला, एका लयीत घुमू लागला. म्हणजे आबा इथवर दुसऱ्या गिअरवरच आले होते, काही ऐकू न येता. ते आत्ता इथं हवे होते. मला बाजूला सारून त्यांनी बटणं हातात घ्यावीत, माझ्या गाडी चालवण्याला नावं ठेवावीत, असं फार फार वाटलं.

आईनं लॅपटॉपकडं कान केला. "एवढाच व्हय आवाज?" ती म्हणाली. "तवा लय मोठा वाटायचा मला."

मग मी धीर करून सांगून टाकलं. आवाज गेल्याचं आबा मला तीन वेळा बोलले होते, मीच बघितलं नाही.

"मलाबी बोलले हुते," आई पडद्याकडं बघतच म्हणाली. "मी म्हनलं, बरं झालं."