माळ्यावरच्या चिमण्या

कापडाच्या गिरणीत नक्षीखातं होतं आणि नक्षीखात्यात एक जुनं युनिक्सचं मशीन, म्हणजे सगळ्यांचा मिळून एकच संगणक. त्याचा पांढरा रंग पिवळा पडला होता, पंखा दमेकऱ्यासारखा घरघरायचा. पण महिनोन्महिने बंद न होता सगळ्या नक्षीकारांचं ओझं ते एकटं वाहायचं. त्याची देखभाल करणाऱ्या बाईला अख्खी गिरणी 'डॉक्टरीणबाई' म्हणायची. फक्त मामा तिला 'पोरी' म्हणायचा. वडील लवकर गेले तेव्हा मामानेच तिला शिकवलं आणि इथे आणून बसवलं. मामा खात्यातला सगळ्यांत जुना नक्षीकार. आधी कागदावर काढायचा, आता पडद्यावर, हात तोच.

मशीनचं दुखणं ती घरच्या भाषेत समजावून सांगायची. "मेमरी म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. ओटा भरला की आत्ता नको असलेली भांडी माळ्यावर टाकायची. तो माळा म्हणजे डिस्कवरची स्वॅपची जागा. कायमचं जपायचं ते फडताळात, म्हणजे डिस्कवरच्या पक्क्या जागेत. माळाही भरला, की पाहुण्याला दारातूनच परत पाठवायचं."

एके सकाळी मशीनने सगळ्यांनाच दारातून परत पाठवलं. जो तो नवी खिडकी उघडू पाही, त्याला एकच निरोप: जागा अपुरी. मागांचा मुकादम धावत आला.

"डॉक्टरीणबाई, माग रिकामे उभे आहेत. नाडी बघा, नाहीतर खांदेकरी तरी बोलवा!"

तिने स्वॅप पाहिला. माळा गच्च. चालू प्रोग्रामांची यादी काढली, त्यातला सर्वांत खादाड होता तो बंद केला. तसूभर फरक पडला नाही. सगळ्यांची बेरीज केली, तरी एवढी जागा गेली कुठे हे जुळेना. ओट्यावर भांडी मोजकीच, आणि ओटा मात्र भरलेला.

इथे तिने थांबायला हवं होतं. जरा शोधलं असतं तर सापडलं असतं. पण मुकादम मानगुटीवर, माणसं भोवती, आणि डॉक्टरीण म्हणवून घ्यायची जिभेला लागलेली चटक. "आपापलं काम सेव्ह करा!" असं ओरडून तिने मशीन बंद केलं आणि पुन्हा चालू केलं.

मशीन वासरासारखं उधळलं. मुकादमाने हात जोडले. ती हसली, आणि ते हसू तोंडावर असतानाच मामा टेबलाशी येऊन उभा राहिला.

"पोरी, माझ्या चिमण्या दिसत नाहीत गं."

निवृत्तीआधीची त्याची ती शेवटची नक्षी. वेलीवर बसलेला थवा, आणि एकही चिमणी दुसरीसारखी नाही.

"सेव्ह केल्या होत्या ना, मामा?"

"केल्या की. तू सांगितलंस तिथेच. टेंपमध्ये."

मामाच्या वाट्याची जागा मागे कधीतरी भरली होती, तेव्हा तीच घाईत म्हणाली होती, "सध्या टेंपमध्ये ठेवा, मी जागा करून देते." आणि विसरली होती. टेंप म्हणजे तात्पुरत्या फायलींची जागा. या मशीनवर ती फडताळात नव्हतीच. तिथलं सगळं त्याच ओट्यावर आणि माळ्यावर राहायचं. मशीन बंद झालं की पुसून लख्ख. रोजच्या बॅकअपमध्येही टेंप येत नसे. ओटा अडवून बसल्या होत्या त्या मामाच्याच चिमण्या, आणि झाडू फिरवला होता तिने.

"मामा, ते..." तिने तोंड उघडलं.

मुकादम मध्येच खिदळला. "बोट घसरलं असेल म्हाताऱ्याचं! मामा, आता नातवंडं खेळवा."

मामाने आपली बोटं डोळ्यांसमोर धरली. "असेल बाबा. हल्ली थरथरतात खरी."

ती गप्प राहिली. एवढंच. पण त्या गप्प राहण्याने तिला पुढे घास गिळू दिला नाही.

दुसऱ्या दिवशी मामा आला नाही. नंतरही आला नाही. शेवटी तीच त्याच्या घरी गेली. मामीने दार उघडलं.

"ये बाई. तुझे मामा शेंगा सोलतायत. दाणे फेकतात आणि सालं ठेवतात. चष्मा कपाटात घातलाय. म्हणतात, डोळे, हात, सगळं संपलं."

ती मामासमोर खाली बसली आणि सगळं सांगून टाकलं. टेंप, विसरणं, घाई. मामाने हातातली शेंग परातीत ठेवली.

"म्हणजे माझा हात चुकला नव्हता?"

"नव्हता, मामा."

"आणि मुकादमासमोर मी मान खाली घातली, तेव्हा तुला हे ठाऊक होतं?"

"होतं."

"चिमण्यांचं काही नाही गं. उडणं त्यांच्या रक्तातच. पण तू मला म्हातारं होऊ दिलंस."

तिला वाटलं, मामाने एक थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. मामीने शेंगांची परात ओढून घेतली. "माझे दाणे वाचवा आधी. जा, चष्मा काढा कपाटातून."

सकाळी तिने मुकादमाला सर्वांदेखत खरं काय ते सांगितलं. मग तिने डिस्कवर मामाला ऐसपैस जागा करून दिली. मामा आला, खुर्ची पुढे ओढून बसला आणि नवी वेल काढू लागला. हात अजिबात थरथरत नव्हता. पहिली चिमणी फांदीवर बसली, तसा तो भाचीकडे न बघताच म्हणाला,

"ही जागा फडताळातलीच ना, डॉक्टरीणबाई?"