घाम आणि खोबरेल

माझ्या आतेबहिणीइतक्या वेगानं रत्नागिरीत कोणी जिंकलेलं नाही आणि तिच्याइतक्या खुशीत कोणी हरलेलंही नाही. तिच्या सगळ्यात मोठ्या हरण्याला कारण मी होतो, हे मात्र मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही, बायकोलासुद्धा.

लहानपणी तापात तिचे पाय गेले, पण घाई काही गेली नाही. तीन चाकांची, होडीसारखी लांबुडकी शर्यतीची खुर्ची घेऊन ती सकाळी भाट्याच्या पुलावर सुटली की मासळीवाल्या बायका टोपल्या सावरत कडेला व्हायच्या आणि रिक्षावाले आपणहून मागे राहायचे. एकदा पोलिसानं अडवलं, तर हिनंच त्याला आपला वेग किती होता ते विचारलं आणि त्यानं अंदाजे सांगितलेला आकडा कमी वाटला म्हणून त्याच्याशी वाद घातला. शर्यती सोडल्यावर ती समालोचनाकडे वळली. आता तालुक्यातली कबड्डी तिच्या आवाजाशिवाय सुरू होत नाही, आणि रविवारी रेडिओवर तिचा खेळांचा कार्यक्रम असतो. घरीही तोंड मिटत नाही. आत्या कोलंबी सोलायला बसली की ही शेजारून, "आई आघाडीवर, पण आतल्या बाजूनं मांजर वेगानं येतंय," असं सांगत राहते. मांजरानं कोलंबी पळवली तरी हात उचलत नाही. समालोचकानं मैदानात उतरायचं नसतं म्हणे.

या शर्यतीत चाकाच्या बाहेरची कडी हातमोज्यानं ढकलायची असते. मोजा घसरू नये म्हणून बाकीचे खेळाडू विकतचा डिंक लावायचे. हिचा विश्वास परसातल्या बरक्या फणसावर. करवंटीत चीक धरायचा आणि मोज्यांना फासायचा. मुंबईत राज्याच्या संघाची निवड होती, तेव्हा सोबत मी गेलो. सकाळी पाहतो तर कड्यांवर चिकाचे काळे थर. आमच्याकडे फणस कापला की हाताला खोबरेल चोळतात, चीक सुटतो. त्याच सवयीनं मी फडक्यावर खोबरेल घेतलं आणि कड्या आरशासारख्या लखलखीत केल्या. शेवटच्या वळणापर्यंत ती पुढे होती. तिथं जोर लावताच तिचे हात सटकू लागले. निवडायच्या होत्या तिघी, ही आली चौथी. फडकं माझ्या खिशातच होतं. मी ते आणखी खाली दाबलं.

"हाताला घाम सुटला रे दादा," ती म्हणाली, "माझंच चुकलं."

मी म्हणालो, मुंबईची हवाच मेली दमट.

तेव्हापासून प्रत्येक नव्या खेळाडूला ती रेडिओवरून बजावते की घामानं मला हरवलं, तुम्ही फडकं जवळ ठेवा. ते ऐकताना मी रेडिओ बंद करत नाही. तेवढी शिक्षा मी घेतो. ती सुखात आहे. हरले म्हणून हा माइक हाती आला, असं ती हसून सांगते. तिनं तसं म्हणावं. मला ते म्हणून सुटता येणार नाही.

यंदा ती पुन्हा उतरतेय, प्रौढ गटात. काल तिचा फोन आला. "दादा, चाकं पुसायला तूच चल. तुझ्यासारखी कोणी पुसत नाही."

मी हो म्हणालो. कोरडं फडकं पिशवीत भरून ठेवलंय. पण त्याला हात लावण्याआधी तिच्यासमोर बसून मी तिला एक वाक्य देणं लागतो: तो घाम नव्हता, मी लावलेलं खोबरेल होतं.