काकांनी मान हलवली

लाकूड कापायच्या त्या शेडमध्ये कुणालाच काही ऐकू येत नसे. मोठी करवत सुरू झाली की माणसं एकमेकांचे ओठ बघून बोलत. शिव्यासुद्धा ओठांवरूनच कळत आणि नेमक्या लागत. त्यामुळे काकांचे कान कधी गेले, याचा कुणाला पत्ताच लागला नाही. चोवीस वर्षं ते करवतीत फळी सरकवत होते. पलीकडून ती ओढून घ्यायला लंबू असे. त्याच्या ओठांवर ‘थांबा’ दिसलं की काकांचे हात थांबत. बहिऱ्या माणसाला करवतीवर ठेवत नाहीत, हे काकांना ठाऊक होतं. करवत सुटली की हातात झाडू येणार, हेही ठाऊक होतं. म्हणून ते गप्प होते.

मग साथ आली. शेड दोन महिने बंद राहिली. उघडली तेव्हा सगळ्यांची तोंडं झाकलेली.

पहिल्याच दिवशी लंबू ‘थांबा, थांबा’ ओरडत राहिला. काकांना त्याचे फक्त डोळे दिसले, मोठे झालेले. बऱ्याच दिवसांनी कामावर आलाय, हुरूप असेल, असं समजून काकांनी फळी जोरात रेटली. ती लंबूच्या पोटात बसली. पुढच्या आठवड्यात त्याच्या अंगठ्याचं नख गेलं. मुकादमाने मास्कआडून काहीतरी लांबलचक विचारलं. काकांनी मान हलवली. मुकादमाने वहीत लिहिलं : हलगर्जीपणा, कबूल.

दुसऱ्या दिवशी फाटकावर रखवालदाराने विचारलं, “ताप? खोकला? वास येत नाही?” काकांनी तिन्हींना सौजन्याने मान हलवली. चौदा दिवस घरी बसवलं.

बायकोने त्यांना आतल्या खोलीत टाकलं. दाराबाहेर ताट ठेवून ती हाका मारी. जेवण गार होई. तिसऱ्या दिवशी तिने दार उघडलं, लांब उभी राहिली आणि मास्क खाली ओढला.

“तुम्हाला ऐकू येत नाही.”

“येतं की.”

“दहा वर्षं मी पाठमोरी बोलले की उत्तर नाही. मला वाटायचं, नवरा आहे, चालायचंच.”

काका जमिनीकडे बघू लागले. तिने हात हलवून त्यांना वर बघायला लावलं.

“मुकादमाला सांगून टाका.”

“झाडू देतील हातात.”

“आज नख गेलं. उद्या लंबूचा हात गेला तर ती करवत काय उशाशी घेऊन झोपणार आहात?”

पंधराव्या दिवशी काका मुकादमाच्या टेबलापुढे उभे राहिले.

“साहेब, मला ऐकू येत नाही.”

मुकादमाने मान हलवली.

काकांनी पुन्हा सांगितलं, मोठ्याने. मुकादमाने पुन्हा मान हलवली, वही ओढली आणि लिहिलं : रजा मंजूर.

ती मान काकांनी ओळखली. ते दोन पावलं मागे सरले. मास्क उतरवून सावकाश म्हणाले, “तुम्हालाही?”

मुकादम उठून दार लावून आला. त्यानेही मास्क खाली घेतला.

“हळू बोला,” तो म्हणाला. “कुणी ऐकेल.”

“या शेडमध्ये?”

आठवड्याभरात लंबूच्या बाजूला एक बटण बसलं आणि काकांच्या डोळ्यांसमोर लाल दिवा. मागणीपत्रात मुकादमाने कारण लिहिलं : धूळ. लंबूला मात्र काकांनी स्वतःच खरं सांगितलं. त्याने मास्क काढून उत्तर दिलं, “आणि मी इथे बेंबीच्या देठापासून ओरडत होतो.”

त्या दिवशी लंबूने सतरा वेळा दिवा लावला. त्यातले सोळा उगाच होते. काका सतराही वेळा थांबले.