चाळीस मिनिटांचा वरखर्च

गाडीचा रेडिओ बंद पडला, तेव्हापासून वर्ना हटो गाडीत दोन आवाजांत बोलायची. एक आवाज तिचा स्वतःचा, मिसिसिपीचा, प्रत्येक शब्द पाकात बुडवून सावकाश बाहेर काढणारा. दुसरा, जिच्या पोरीला कॉलेजात न्यायचं त्या आईचा. आई कुठलीही असो, वर्ना तिला एकच घोगरा, संशयी आवाज द्यायची.

"आणि माझ्या पोरीला ताप आला तर?"

"तर मी सूप घेऊन जाईन हो."

"असं सगळेच म्हणतात!"

"म्हणतात. पण मला ते करता येतं."

इथे ती खो खो हसायची. मग पुढचे पन्नास मैल कापसाची शेतं, आणि गाडीत कुणीच बोलत नसे.

यालोबा स्टेट नावाच्या छोट्या कॉलेजात, मुलींच्या बास्केटबॉल संघाची ती दुय्यम कोच. काम एकच, शाळाशाळांतून चांगल्या खेळणाऱ्या पोरी हेरून कॉलेजात आणायच्या. एकतीस वर्षं तिने हेच केलं. लग्न राहून गेलं, कुत्रा पाळायचा राहून गेला. दोनशे घरांच्या स्वयंपाकघरांत ती जेवली होती, तिथल्या कुत्र्यांची नावं मात्र तिला पाठ होती.

या धंद्याचा एक विचित्र नियम आहे. वर्षातले कितीतरी महिने कोचने पोरीचा खेळ नुसता बघायचा, तिच्याशी बोलायचं नाही. घसा खाकरायचा, एवढीच काय ती मुभा. म्हणून कोच पोरींना दिसतील अशा जागी बसतात. वर्नाची जागा सगळ्यांत वरच्या बाकाचा डावा कोपरा. हिरवं जाकीट, हातात उकडलेल्या शेंगांचा पेला. पायऱ्या चढताना गुडघ्यावर हात ठेवून तिचं "हं... हं... अगं आई... हं" सुरू व्हायचं आणि खालच्या पोरी तोंड दाबून हसायच्या.

कियोना टब्स तर तिची हुबेहूब नक्कल करायची. सहा फूट तीन इंच उंचीची ती पोर वाकून, गुडघा धरून, अदृश्य शेंग सोलून, तीनदा मान हलवायची. वर्नाने एकदा ते वरून पाहिलं. तिला राग नाही आला. आपल्याकडे कुणी इतकं नीट बघितलंय, हे तिला घरी पोचेपर्यंत पुरलं.

तीन वर्षं ती कियोनाचे सामने बघत होती. घरच्या भेटीची परवानगी मिळाली त्या पहिल्याच दिवशी तिने टब्सांच्या फ्रिजवर पिवळी चिठ्ठी चिकटवली. तिच्यावर ऑफिसचा फोन आणि फॅक्स.

"काही लागलं तर, मिस ओडेसा."

ओडेसा टब्स, कियोनाची आई, कॅटफिशच्या कारखान्यात मासे साफ करायची. त्या घरात मासा शिजत नसे. "दिवसभर त्यांचंच तोंड बघते. घरी आणून परत कशाला बघू?" ती रताळ्याचा पाय, म्हणजे गोड सारणाची भाजलेली जाड पोळी, करायची, आणि वर्नाने दोन तुकडे खाल्ल्याशिवाय खुर्ची सोडू द्यायची नाही.

"कोच, कुत्र्याला घालताय की खाताय?"

"खातेय हो! बघा, बशी चाटली."

वर्नाकडे विकायला एकच गोष्ट होती, पण अस्सल. यालोबा टब्सांच्या घरापासून चाळीस मिनिटांवर. आईला प्रत्येक सामना बघता येईल, पोर रविवारी चर्चला घरी येईल. "चाळीस मिनिटं, मिस ओडेसा. तुमचा पाय गरम असतानाच पोचेल." या वाक्यावर ओडेसा दर वेळी मान डोलवायची.

मग दोन हजार पंधरा साली नवा नियम आला. आधी शिष्यवृत्तीत फी, खोली, जेवण आणि पुस्तकं यायची. आता कॉलेजांना वरखर्चही देता येऊ लागला. म्हणजे टूथपेस्ट, फोन, घरी जायचं तिकीट. किती द्यायचा, ते प्रत्येक कॉलेजचं मदत-कार्यालय ठरवणार. एका उन्हाळ्यात पोरींचे प्रश्न बदलले. 'अभ्यास कसा', 'खोली कशी' हे मागे पडलं. आता पहिलाच प्रश्न, "वरखर्च किती?"

मुख्य कोच लॅनी प्रूइट घाईचा माणूस, सगळं दोनदा म्हणायचा. "आपणही देऊ, वर्ना, आपणही देऊ. चार पोरींना. आकडा आलाय, आकडा." वर्नानेही तो दोनदा वाचला. वर्षाचे अकराशे डॉलर.

"एवढाच?"

"मदत-कार्यालय म्हणतं, आपल्या पोरी जवळच्या. प्रवासखर्च कुठंय? कुठंय?"

शेजारच्या राज्यातल्या मोठ्या विद्यापीठाचा आकडा होता पाच हजार चारशे. ते सहा तासांवर होतं, आणि त्यांनाही कियोना हवी होती.

ऑक्टोबरच्या शेवटच्या भेटीत पाय होता, दोन तुकडेही झाले. ओडेसाने हात पुसले.

"कोच, तुमचा वरखर्च किती?"

वर्नाने गाडीत या प्रश्नाची सतरा उत्तरं पाठ केली होती. पण आईच्या टेबलावर खोटं बोलायचं नाही, हा तिचा जुना नेम. "अकराशे."

"आणि इतका कमी का?"

"कारण... आम्ही जवळ आहोत."

ओडेसाने रिकामी बशी उचलली. मग हसली, पण हसण्यात जीव नव्हता. "म्हणजे जवळ असल्याचा दंड."

कियोना बशीत काटा फिरवत होती. "ममा, मी सहीच्या दिवशी सकाळी ठरवीन."

"त्या मोठ्या विद्यापीठाकडे एकच जागा उरलीय," ओडेसा वर्नाला म्हणाली. "पोरी दोन. ही आणि जॉर्जियातली एक. जिचा सहीचा कागद आधी पोचेल, तिची जागा. असं चक्क तोंडावर सांगितलं बघा."

नोव्हेंबरात सहीचा दिवस उजाडला. त्या दिवशी पोरी कॉलेज पक्कं करून सहीचा कागद फॅक्सने पाठवतात, आणि देशभरातले कोच मशीनभोवती उभे असतात, बाळंतिणीच्या खोलीबाहेर असावेत तसे. प्रूइट फोन कानाला लावून आवारात फेऱ्या मारत होता. ऑफिसात वर्ना एकटी, आणि तिने आणलेले बारा डोनट.

सात बावीसला मशीन घरघरलं. कागद खालून वर निघाला, त्यामुळे सही आधी दिसली. कियोना एम. टब्स. खाली आईची, दाबून केलेली. वर्नाच्या तोंडून "हं... अगं आई" निघालं आणि डोळे भरले. मग कागदाचा माथा बाहेर आला. त्यावर मोठ्या विद्यापीठाचं बोधचिन्ह होतं.

कागद चुकून इथे आला होता. तिकडे अजून काहीच पोचलं नव्हतं.

वर्ना कागद हातात धरून उभी राहिली. खण उघडाच होता. जॉर्जियातल्या पोरीची आई आत्ता कुठल्यातरी मशीनपाशी असेल. तासभर गप्प बसलं तर जागा जाईल. मग कियोनाला यालोबाच. चाळीस मिनिटं. रविवारचा पाय. दोष कुणाच्याच माथी नाही. गप्प बसायचं, आणि गप्प बसण्यात तर तिचा हात धरणारं कुणी नव्हतं.

सात एकोणतीसला तिने कारखान्यात फोन लावला.

"मिस ओडेसा, कागद माझ्याकडे आलाय. त्यांच्याकडे नाही."

पलीकडे यंत्रांच्या पट्ट्यांचा खडखडाट. "देवा! अहो कोच, सुट्टीत धावत ऑफिसात आले. त्यांच्या सूचनांची पानं घरीच राहिली. फॅक्सचा नंबर म्हटलं की मला एकच येतो. कित्येक महिने फ्रिज उघडताना तोच वाचतेय. बोटांनी तोच दाबला!"

"त्यांचा नंबर कागदावर वरती बारीक छापलाय. मी वाचते, तुम्ही दाबा. आधी एक, मग दोन शून्य..."

ती एकेक आकडा वाचत गेली, पाकात न बुडवता.

"गेला," ओडेसा म्हणाली. "पोचल्याची चिठ्ठी आली." मग तिचा आवाज खाली आला. "पोर रडली हो सकाळी. मीच म्हटलं, कर सही. माझी गाडी दुरुस्त होईल तेवढ्या पैशांत."

"बरोबर केलंत."

"रविवारी या. पाय करते."

"नाही येता येणार. सही झाली की बाकीच्या कोचनी संबंध ठेवायचा नाही. नियम आहे."

"जेवायचासुद्धा?"

"जेवायचासुद्धा."

प्रूइट दारात आला. "आला? आला का?"

"आला. आपला नव्हता."

तो डोनट उचलून निघून गेला. वर्नाने कागदाची घडी केली, मग उलगडून कातरयंत्रात घातला. ठेवायचा तिला हक्क नव्हता.

दुपारी नव्वद मैलांवर एक नववीतली पोर खेळणार होती. वर्ना निघाली. कापसाची शेतं वेचून झाली होती, नुसती खोडं उरलेली. सवयीने तिने तो घोगरा आवाज काढला, "आणि माझ्या पोरीला ताप आला तर?"

आवाज ओडेसाचा निघाला.

मग हात पुढे करून तिने बंद रेडिओचं बटण फिरवलं, एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे, आणि फिरवतच राहिली.