शेवटच्या स्नानाचा धडा

वीस नोव्हेंबर, गुरुवार, संध्याकाळचे पाच. फ्रीगंजमधल्या आमच्या प्रार्थनालयाच्या मागच्या खोलीत मी दोन कोऱ्या मडक्यांत पाणी भरीत होतो. कोऱ्या मातीत पहिले पाणी मुरू लागले की जो वास सुटतो, त्याची वाखाणणी मी पुष्कळांच्या तोंडून ऐकली आहे. माळव्यात उन्हाळा लागला की घरोघरच्या माठांतून तो दरवळतो आणि माणसे सुखावतात. मला त्या वासाने कधी सुख झाले नाही. माझ्या लेखी तो एका विशिष्ट कामाचा वास आहे, आणि तो सुटला की एक माणूस माझ्या मागे येऊन उभा राहतो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही. तरी त्या संध्याकाळी मडके भरताना मी मागे वळून पाहिले, हे नमूद केले पाहिजे.

तो माणूस रेल्वेत गार्ड होता. निवृत्तीनंतर माधव नगरात राहत असे. आमच्या समाजात कोणी गेले की निरोप प्रथम त्याच्याकडे जाई आणि मग त्याचा निरोप माझ्याकडे येई. उज्जैनमध्ये आम्ही बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, आहोत हे बऱ्याच जणांना ठाऊकही नाही. कोकणच्या किनाऱ्यावरून आमचे आजे-पणजे रेल्वेच्या आणि गिरण्यांच्या नोकरीपायी इकडे आले. बोलण्यातली मराठी राहिली, तिच्यात हिंदी मिसळली, आणि शनिवार पाळणे टिकले. पुढे बरीच घरे इस्राएलला गेली, काही ठाण्याला गेली. उरलेले आम्ही एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत प्रार्थना करतो. प्रार्थना चालविणारे हजानसाहेबही मुलीकडे परदेशी निघून गेले, तेव्हापासून ज्याला जमेल तो पुढे उभा राहतो.

शिक्षणाच्या सप्ताहाची कल्पना आमच्यातल्या एका निवृत्त शिक्षिकेची. त्यांना सर्वजण बाई म्हणतात, मीही म्हणतो. बाहेरून कोणी शिकवायला येईल याची वाट पाहण्यात अर्थ नाही, आपल्यातल्या प्रत्येकाला काहीतरी येतेच, ते त्याने एका संध्याकाळी इतरांना शिकवावे, असे त्यांनी ठरविले. वयाने मोठी झालेली माणसे पुन्हा बाकावर बसायला सहसा तयार होत नाहीत, पण बाईंना नकार देण्याची कोणाची छाती नव्हती. रविवारी त्यांनी स्वतः हिब्रू अक्षरे घेतली. सोमवारी बँकेत अधिकारी असलेल्या एका गृहस्थाने आमचे पंचांग समजावले. दोन वर्षांपूर्वी तो बदलीवर इथे आला आहे, आणि पुढची बदली केव्हाही येईल. मंगळवारी तयार कपड्यांचे दुकान चालविणाऱ्या आमच्या एका सभासदाने मलिदा शिकविला. प्रेषित एलियाहू हनाबीच्या नावाने आम्ही नवस फेडतो तेव्हा पोहे, खोबरे, साखर आणि फळे यांचा जो प्रसाद करतो, तो हा. पोहे किती भिजवावेत यावर त्याचे व्याख्यान थोडे आणि परातीतले बोकाणे जास्त झाले. बुधवारी शोफार, म्हणजे मेंढ्याचे शिंग, फुंकण्याचा प्रयोग झाला. खालच्या मजल्यावरच्या दुकानातला माणूस घाबरून वर आला. "भाईसाब, सब ठीक है ना? कोई बीमार तो नहीं?" त्याने विचारले. त्याला मलिदा देऊन परत पाठविले.

गुरुवार माझा होता. मयताला शेवटचे स्नान घालणे हा विषय मी बाईंना सांगितला, तेव्हा त्यांनी मान हलविली आणि फळ्यावर तो मोठ्या अक्षरांत लिहिला. बाकीच्यांची तोंडे उतरली.

"काका, इतकी स्तोत्रं पाठ आहेत तुम्हाला," आमचा कपड्यांचा दुकानदार म्हणाला. "त्यातलंच एखादं घ्या ना. हप्ता इतका छान चाललाय, शेवटी हे काय लफडं?"

"स्तोत्रे पुस्तकात आहेत," मी म्हणालो. "हे पुस्तकात पाहून येत नाही."

इथे क्षिप्रेच्या राम घाटावर उत्तरक्रियेसाठी घराण्याघराण्याचे पुरोहित बसलेले असतात. आडनाव आणि गाव सांगितले की ते पुढचे सर्व पाहतात. माझे हिंदू शेजारी त्या बाबतीत निश्चिंत असतात, आणि मला त्यांचा थोडा हेवा वाटतो. आमच्यात हे काम मोल घेऊन कोणी करीत नाही. समाजातल्यांनीच करायचे असते. पुरुषाचे पुरुषांनी, स्त्रीचे स्त्रियांनी. त्यातही मुलाने बापाचे करायचे नाही. एकट्याने ते होतही नाही, कारण पाण्याची धार तुटता कामा नये. पहिले मडके रिते होण्याआधी दुसऱ्याची धार सुरू झाली पाहिजे, म्हणजे चार हात हवेत. स्त्रियांचे काम माझी पत्नी करीत असे आणि बाई तिला हाताशी असत. पत्नी गेली तेव्हा बाई एकट्या उरल्या. इंदूरहून दोन स्त्रिया निघाल्या, त्या पोहोचेपर्यंत दुपार टळली. तोवर मी या मागच्या खोलीच्या दाराबाहेर खुर्चीवर बसून होतो. आत ती आणि बाई, दोघीच. आमच्यात माणूस असे ताटकळत ठेवीत नाहीत.

पुरुषांत हे काम येणारा आता मी एकटा उरलो आहे. माझ्या वेळी मडकी कोण धरणार, हा प्रश्न त्या दिवशी खुर्चीवर बसलो असताना प्रथम मनात आला. तो नंतर कधी गेला नाही. इंदूरही आता रिकामे होत चालले आहे.

गार्डने मला हे काम शिकविले तेव्हा मी तिशीत होतो. वीज मंडळातली नोकरी, अंगात मस्ती, आणि मृत्यूसंबंधी अज्ञान. त्याने समजावून काही सांगितले नाही. माझ्या हाती मडके दिले आणि मान हलविली. गाडी सोडण्यापूर्वी फलाटाच्या दोन्ही टोकांकडे पाहण्याची त्याची सवय कायम होती. मयताच्या डोक्याशी उभा राहून तो तसाच आधी एकीकडे, मग दुसरीकडे पाही, आणि मगच हात लावी. अंग झाकलेलेच ठेवायचे, जेवढा भाग धुवायचा तेवढीच चादर सारायची. मयताच्या अंगावरून पलीकडच्याला वस्तू द्यायची नाही, पायाकडून वळसा घालून जायचे. कफनाच्या बंदांना गाठ मारायची नाही, नुसता पीळ द्यायचा. आत बोलायचे नाही. आणि कोणाची चूक झाली तर ती मयतासमोर काढायची नाही. दाराबाहेर आल्यावर सांगायची. माझ्या पहिल्या खेपेच्या चुका त्याने मयताच्या घराच्या अंगणात, बिडी पेटवून, एकेक करून सांगितल्या. तो एक पाय किंचित ओढत चालायचा. फरशीवर त्या पायाचा आवाज येई, घासल्यासारखा. ज्या दिवशी त्यालाच स्नान घालायची वेळ आली, त्या दिवशी खोलीत तो आवाज नव्हता एवढेच मला आठवते. बाकीचे हातांनी केले.

तर गुरुवारी खोलीच्या मधोमध लाकडी तख्त मांडले होते. पुरुष भिंतीला टेकून उभे होते. बाई स्त्रियांना घेऊन पुढच्या खोलीत बसल्या होत्या, त्यांचा धडा नंतर वेगळा व्हायचा होता. मी नियम सांगितले आणि म्हणालो, तख्तावर कोणीतरी आडवे व्हा.

कोणी हलले नाही.

"मी नाही हं," दुकानदार म्हणाला. "घरी कळलं तर बायको महिनाभर बोलणार नाही."

"मग झोपाच," बँकेतला म्हणाला. "शांतता मिळेल."

"तुम्ही झोपा की, साहेब. तुमची तर ट्रान्सफरच व्हायची आहे."

हसू झाले आणि विरले. "उशी ठेवू या ना काका," आणखी कोणीतरी सुचविले. उशीचे पाय कोणते आणि डोके कोणते, असे मी विचारले. मग सदरा काढून खुंटीला लावला आणि बंडी-लेंग्यानिशी तख्तावर आडवा झालो. दारापलीकडून बाईंचा आवाज आला, "भाऊ, थंडी बाधेल तुम्हाला." पाणी कोमट आहे, असे मी सांगितले. मग इतरांना म्हणालो, "आता मी बोलणार नाही. मयत बोलत नाही. चुका झाल्या तर होऊ द्या." चादर ओढून घेतली आणि डोळे मिटले.

मिटल्या डोळ्यांना खोली फार मोठी वाटते. वर्षानुवर्षे मी तख्ताच्या बाजूला उभा राहत आलो होतो. खालून पाहिले तर काय असते, याचा विचार करण्याचे कारण पडले नव्हते. बराच वेळ कोणी जवळ आले नाही. भिंतीवरच्या घड्याळाचा आवाज येत होता, रस्त्यावर ई-रिक्षा वाजत होत्या. मग कोणाचा तरी श्वास डोक्याशी आला आणि एक हात चादरीखालून माझ्या खांद्याला लागला. तो दुकानदाराचा होता हे मला नंतर कळले. डोके, मान, उजवी बाजू, डावी बाजू. क्रम त्याने चुकविला नाही. ओल्या फडक्याने तो माझी बोटे एकेक करून पुसत होता. लहान मुलाची पुसावीत तशी. कोणी माझ्या हाताला हात लावून फार दिवस झाले होते.

मग पाणी आले. पहिली धार छातीवरून पायांपर्यंत गेली, आणि मध्येच तुटली. दुसरे मडके उशिरा कलले. सर्वजण थांबले. मला माहीत होते की आता पुन्हा आरंभापासून करावे लागते, आणि मी सांगू शकत नव्हतो. त्या शांततेत फरशीवर पावले ऐकू आली. पायाकडून वळसा घालून कोणीतरी पलीकडे जात होते, सावकाश, एक पाय किंचित ओढत. मी डोळे उघडले नाहीत. खोलीतल्या कोणाचाही पाय अधू नाही. ओल्या फरशीवर चप्पल घसटत असेल, असे मी मनाशी म्हटले, आणि आत सर्वजण अनवाणी आले होते हेही मला आठवत होते.

"पुन्हा भरा," दुकानदार हळूच म्हणाला. बोलायचे नसते, तरी तो बोलला. मडकी पुन्हा भरली गेली. या खेपेस धार तुटली नाही.

शेवटी मयताच्या पायांशी उभे राहून क्षमा मागायची असते. त्याचे नाव घ्यायचे, बापाचे नाव घ्यायचे, आणि आमच्या हातून काही उणेअधिक झाले असल्यास माफ कर, असे म्हणायचे. दुकानदार पायांशी आला. माझे नाव त्याने घेतले आणि तो थांबला. माझ्या वडिलांचे नाव त्याला माहीत नव्हते. कोणालाच नव्हते. ते गार्डला माहीत होते, माझ्या पत्नीला माहीत होते.

"काका," तो अखेर म्हणाला, "बाबांच्या वेळी तुम्ही आत होतात. मी बाहेर उभा होतो. आत काय करतात मला माहीत नव्हतं, म्हणून इतकी वर्षं भीती वाटायची. आमच्याकडून काही कमीजास्त झालं असेल तर माफ करा." मग तो म्हणाला, "आणि पाणी गार झालं, त्याची पण माफी."

मयताने उत्तर द्यायचे नसते. मी दिले नाही.

अंग पुसून, कोरडे कपडे चढवून, शाल घेऊन मी दाराबाहेर आलो. ते सर्व माझ्यामागे आले आणि उभे राहिले, जसा मी अंगणात गार्डपुढे उभा राहत असे. मी सांगितले: धार एकदा तुटली, दुसऱ्याने मडके आधीच कलते धरायला हवे होते. पंचा माझ्या अंगावरून पलीकडे दिला गेला, मला त्याचे टोक लागले. आत बोलणे झाले. आणि नाव.

"काय नाव त्यांचं?" दुकानदाराने विचारले. फोन काढू लागला. लिहू नकोस, पाठ कर, असे मी म्हणालो आणि वडिलांचे नाव सांगितले. त्याने ते माझ्या नावापुढे जोडून दोनदा पुटपुटले. बँकेतल्यानेही म्हटले. बदली झाली तर मी तिथे कोणाला तरी शिकवीन, असे तो म्हणाला, आणि त्यात मला पोकळपणा वाटला नाही. दुकानदार म्हणाला, "मी इथेच आहे, काका. दुकान कुठे पळतंय?"

वडिलांचे ते नाव मी दुसऱ्याच्या तोंडून किती काळाने ऐकले, याचा हिशेब मी केला नाही. माणूस गेल्यावर त्याचे काय उरते, हे विचारण्याचा छंद म्हातारपणी पुष्कळांना लागतो. मला त्याची उत्तरे समाधानकारक वाटलेली नाहीत. गार्डचे घर विकले गेले, मुले परदेशी गेली, कबरीवरची अक्षरे झिजली. पण त्या संध्याकाळी ज्यांनी त्याचे काम कधी पाहिलेही नाही अशी माणसे त्याच्या पद्धतीने पायाकडून वळसा घालीत होती. ते त्याचे उरणे म्हणावे की काय, मला सांगता येत नाही. पावलांविषयीही मी कोणाला विचारले नाही. विचारले असते तर कोणीतरी खुलासा दिला असता, आणि मला तो नको होता.

घरी पोहोचलो तेव्हा सात वाजायचे होते. ओली बंडी आणि लेंगा पिळून गॅलरीतल्या दोरीवर टाकला. वारा सुटला होता, म्हणून दोन्हींना चिमटे लावले.