वीस किलो जास्त

माणसाचा मोठेपणा कुठल्याही काट्यावर तोलता येत नाही, असे माझे ठाम मत होते. एखाद्या समारंभात कोणी बोलायला उभे केले असते, तर मी ते शांत आवाजात सांगितलेही असते. मला कोणी उभे केले नाही. मध्यंतरी फुजैराच्या डोंगरातल्या एका दगडखाणीच्या वजनकाट्यावर आमची गाडी मात्र उभी राहिली.

त्या खाणीत आम्ही सहलीला गेलो होतो. हे वाक्य मी ऑफिसात कोणापुढे बोलत नाही. अमिरातीतली माणसे सुट्टीच्या दिवशी उंच इमारतीच्या टोकावर जातात, वाळवंटात उंटावर बसतात, मॉलमधल्या बर्फावर पडतात. आम्ही शारजाच्या अल नहदातून दोन तास गाडी हाकत एक खड्डा बघायला गेलो. याचे कारण विलास घाडगे.

विलास घाडगे म्हणजे माझ्या बायकोला, मंजिरीला, माझ्या आधी बघून गेलेला मुलगा.

हे मला अठरा वर्षांनी कळले, तेही मराठी मंडळाच्या संक्रांतीच्या कार्यक्रमात, तिळगूळ तोंडात असताना. उन्हाने रापलेला, रुंद खांद्यांचा एक माणूस समोर आला, मला ओलांडून मंजिरीला म्हणाला, "वहिनी, ओळखलं का? कराडला तुमच्या घरी पोहे खाऊन गेलोय मी."

मंजिरीने ओळखले. इतक्या पटकन ओळखायची काही गरज नव्हती.

"कोण हा?" मी नंतर गाडीत विचारले.

"अहो, ते खाणीतलं स्थळ. बाबांनी नाही म्हणून सांगितलं. म्हणाले, खाणीतला माणूस, पोरीला कुठल्या रानात नेऊन ठेवेल कोण जाणे. त्यापेक्षा मोहित्यांचा मुलगा बरा. सावलीतली नोकरी आहे."

सावली हा माझा मुख्य गुण होता तर.

"बाबांनी नाही म्हटलं, की तू?"

"आता काय करायचंय तुम्हाला ते?" मंजिरी म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली. अठरा वर्षांत तिने इतके अपुरे उत्तर कधी दिले नव्हते.

वर पाट्याचे प्रकरण होतेच. मिक्सरमधली चटणी ही चटणीच नव्हे, असे मंजिरीचे म्हणणे. कराडहून परत येताना दरवर्षी ती म्हणायची, "अहो, या वेळी पाटा नेऊ या," आणि दरवर्षी मी विमानाच्या तीस किलोंचा नियम सांगायचो. पंधरा वर्षे हा नियम मी एखाद्या शासकीय आदेशासारखा वाचून दाखवला होता. मंडळाच्या कार्यक्रमात तिने हे दुःख विलासच्या बायकोला, सुनीताला सांगितले. विलासने ते ऐकले. "आमचा दगड बघायला या की वहिनी," तो म्हणाला. "कराडच्या दगडागत काळाकुट्ट."

तेव्हाच मी ठरवले, की मंजिरीला पाटा मिळायचाच असेल तर तो माझ्या हातून मिळेल. पंधरा वर्षे टाळलेले काम आता मला तातडीचे वाटू लागले.

शनिवारी सकाळी निघालो. मागच्या सीटवर आमची चौदा वर्षांची अन्वी कानात काहीतरी घालून बसली होती. डोंगर सुरू झाले तसे समोरून खडीचे ट्रक येऊ लागले आणि आमची पांढरी गाडी हळूहळू राखाडी झाली. मग ते गाव आले. एक मशीद, एक किराणा दुकान, करक चहा देणारी एक टपरी, टायरचे एक दुकान आणि सलून. सगळ्यांवर एकाच रंगाची धूळ. सलूनच्या बाहेर बसलेल्या माणसाचे केस पिकलेले होते की नुसते धुळीने माखले होते, ते सांगता येत नव्हते.

खाणीच्या फाटकात खानसाहेब नावाचे उंच पठाण उभे होते. त्यांनी आमची गाडी थेट ट्रकच्या वजनकाट्यावर घ्यायला लावली.

"अहो खानसाहेब, हम तो मेहमान हैं," मी म्हणालो.

"मेहमान भी तुलता है, साब. जाते वक़्त भी, आते वक़्त भी. मैंने इस काँटे पर शेख की गाड़ी भी तौली है."

वरच्या पाटीवर लाल आकडे उमटले. एक हजार चारशे साठ.

"हा आकडा गाडीसकट आहे ना?" मंजिरीने विचारले.

"गाडीसकटच," मी म्हणालो. गाडी वजा जाता शिल्लक कोणाची किती, यावर आम्ही बोललो नाही.

विलास जीपने पुढे आला आणि आमचे पर्यटन सुरू झाले. त्याने आम्हाला खडी फोडणारे यंत्र दाखवले. माझ्या डोक्यापेक्षा उंच चाकांचा डंपर दाखवला. मग खाणीच्या कडेला नेले. खाली डोंगराच्या पोटात पायऱ्यापायऱ्यांनी उतरत गेलेला अवाढव्य खड्डा होता.

"बाबा, धिस इज लिटरली अ होल," अन्वी म्हणाली. सहलीबद्दल माझे आणि तिचे एकमत झालेले हे पहिलेच.

"इथला माल कुठे जातो?" मंजिरीने विचारले. तिने माझ्या कामाबद्दल शेवटचे कधी काही विचारले होते, ते आठवायचा मी प्रयत्न केला. (मी एका बांधकाम कंपनीत कागदपत्रांवर क्रमांक घालतो. विचारण्यासारखे फार नाही, पण तरीही.)

"सगळीकडं," विलास म्हणाला. "समुद्रात भराव, रस्ते, टॉवर. तुमची बिल्डिंग कुठली म्हणालात?"

मंजिरीने नाव सांगितले.

"हां. तिथं आमचीच खडी गेलीय."

म्हणजे गेली सहा वर्षे मी या माणसाच्या दगडात राहत होतो, आणि भाडे भरून.

बाराच्या सुमारास भोंगा वाजला. लाल झेंडे लागले. विलासने आम्हाला लांब एका शेडखाली उभे केले, हातातल्या वायरलेसवर कोणाशी तरी दोन शब्द बोलला, आणि समोरच्या डोंगराची एक अख्खी भिंत आधी जरा फुगली, मग खाली बसली. आवाज नंतर आला. धूळ त्याच्याही नंतर आली आणि बराच वेळ राहिली.

मंजिरीने टाळ्या वाजवल्या.

त्या आठवड्यात मी एक फाईल चौथ्या फेरीत मंजूर करून घेतली होती. टाळ्या कोणी वाजवल्या नव्हत्या.

"रोज पाडता?" अन्वीने चक्क मराठीत विचारले.

"रोज न्हाय बेटा. आठवड्यातनं दोनदा."

मग घर. माझी सारी भिस्त घरावर होती. सासऱ्यांच्या मते हा माणूस मुलीला रानात ठेवणार होता, तेव्हा रान तरी रानासारखे असेल, अशी माझी रास्त अपेक्षा होती. घर बैठे होते, कंपनीचे. पुढे अंगण, अंगणात लिंबाचे झाड, मागे कोंबड्या आणि एक शेवगा. शेंगांनी लगडलेला.

"शेवगा," मंजिरी म्हणाली. आमच्याकडे तिच्या तोंडून हा शब्द नेहमी किमतीसकट निघतो, आधी दिरहममध्ये आणि मग रुपयांत. इथे ती नुसती वर बघत उभी राहिली.

"ऑफिसला जायला किती वेळ लागतो तुम्हाला?" मी विलासला विचारले. इथे तरी तो हरेल असे वाटले होते.

"चार मिनिटं. चालत. आणि तुम्हाला?"

अल नहदा ते दुबई हे अंतर किलोमीटरमध्ये सांगितले तर हास्यास्पद आहे आणि वेळेत सांगितले तर केविलवाणे. "ट्रॅफिकवर अवलंबून," मी म्हणालो.

"दीड तास," मंजिरी म्हणाली. "एकेका बाजूला."

"अरारा," विलास मनापासून म्हणाला. त्याच्या त्या सहानुभूतीने जेवणाची चव गेली असती, पण सुनीताने मटण इतके उत्तम केले होते, की मी तीनदा वाढून घेतले. रस्सा पाट्यावरच्या वाटणाचा होता. मंजिरीने पहिल्याच घासाला ओळखले. मग ती उठून स्वयंपाकघरात गेली आणि सुनीताच्या पाट्यावरून हात फिरवत राहिली. "ताई, कसा गुळगुळीत झालाय हो," असे तिचे शब्द मला बाहेर ऐकू आले.

आता उशीर करून चालणार नव्हते.

जेवणानंतर विलास लवंडला, बायका शेंगा काढायला मागे गेल्या. मी "शतपावली करून येतो" असे जाहीर केले आणि कुंपणाबाहेरच्या ढिगाकडे गेलो. ढीग दगडांचा होता. सगळे धुळीने राखाडी. दगड पारखायचा माझा अनुभव शून्य होता, पण आपण कराडचे जावई आहोत, एवढे पुरेल असे वाटले. आणि तो मला दिसला. हातभर लांब, वीतभर रुंद, आणि वरची बाजू इतकी सपाट, की जणू निसर्गाने पाटा करायचे मनात आणूनच घडवला होता. कोणी टाकून दिला असेल हा? या लोकांना दगडातले काही कळत नाही, असा माझा निष्कर्ष निघाला.

तो उचलताना कमरेत काहीतरी सरकले. ते अजून जागेवर आलेले नाही. दगड मी गाडीत, मागच्या सीटच्या पायाशी ठेवला आणि वर चटई टाकली. घरी गेल्यावर धुऊन, पुसून मंजिरीपुढे ठेवायचा आणि काही न बोलता पेपर वाचत बसायचे, असा बेत होता.

निघताना विलासने आमच्या डिकीत शेंगा, लिंबे, अंडी आणि एक गोणपाटात बांधलेले काहीतरी ठेवले. मला वाटले गूळ असेल. कोल्हापूरकडून येतो कोणाकोणाला.

"बाबा, माझ्या पायाखाली समथिंग हार्ड आहे," अन्वी म्हणाली.

"पाय वर घे."

"बट व्हॉट इज इट?"

"पाय वर घे म्हटलं ना."

फाटकाशी विलास आमच्या आधी पोचला होता. त्याने खानसाहेबांच्या हातात एक कागद दिला. गाडी काट्यावर गेली. एक हजार पाचशे.

खानसाहेबांनी कागद बघितला, पाटी बघितली. "विलासभाई, पास बीस किलो का है. चालीस निकल रहा है."

"कसला पास?" मी विचारले.

विलास जरा लाजला. "ते गोणपाटात आहे ना, पाटा-वरवंटा. वहिनी त्या दिवशी म्हणाल्या होत्या. आमच्याकडं एक राजस्थानी कारागीर हाय, त्याच्याकडनं टाकी लावून घेतला."

मंजिरीने हात डोळ्यांशी नेला. धूळ होती म्हणा तिथे.

"वीस किलो जादा कशाने येईल पण?" विलास म्हणाला. "शेंगा-लिंबं तर त्या विसातच धरलीयत."

"जेवण," मी म्हणालो. "तीनदा घेतलं मी."

खानसाहेबांनी माझ्या पोटाकडे प्रामाणिकपणे बघितले. "बीस नहीं, साब," ते म्हणाले. मागे खडीचे पाच ट्रक खोळंबले होते. ड्रायव्हर उतरून आले आणि त्यांनीही आपापली मते दिली. एकाने गाडी पुढेमागे घ्यायला लावली. एकाने पेट्रोल कुठे भरले ते विचारले. विलास तर स्वतःच्या काट्यावर खापर फोडायला निघाला होता. "काटाच बिघडला असंल. जाऊ द्या त्यांना, खानसाहेब." त्याने असे करायला नको होते. चोराला घरधन्याने वकील दिल्यासारखे ते झाले.

"गाडी ख़ाली करो," खानसाहेब म्हणाले. "सब नीचे."

"अंकल," अन्वी उतरता उतरता म्हणाली, "देअर इज अ रॉक. बाबांनी ठेवलाय."

चटई निघाली. दगड निघाला. खानसाहेबांनी तो दोन हातांनी उचलून जमिनीवर ठेवला आणि खांद्यावरच्या फडक्याने पुसला. पाच ड्रायव्हर, विलास, माझी बायको आणि माझी मुलगी यांच्यासमोर त्याचा खरा रंग हळूहळू उघडा पडला. काळा नव्हता. एका बाजूने बोटभर गंजकी सळई बाहेर आलेली होती.

"हे तर काँक्रीट," विलास म्हणाला. मग जवळ जाऊन, अगदी हळू आवाजात, "जुना काटा होता ना आमचा, त्याच्या पायाचा तुकडा. मागच्या वर्षी फोडला."

म्हणजे मी वजनकाट्यावरून वजनकाटा चोरून नेत होतो.

"अहो," मंजिरी म्हणाली. "हे कशाला घेतलंत?"

"पाटा," मी म्हणालो. "तुझ्यासाठी."

मला वाटले, आता अठरा वर्षांचे सगळे निघणार, सावलीपासून. ती त्या सळईकडे बघून हसायला लागली, ते तिला थांबवेना. पदराने तोंड पुसत ती विलासला म्हणाली, "भाऊजी, हाही द्या. दोन्ही नेते."

ती त्याला भाऊजी म्हणाली होती. माझ्या कमरेची कळ तेवढ्यापुरती थांबली. पंधरा वर्षांत मी तिला दिलेली पहिली जड वस्तू ती स्वतःहून मागून घेत होती, आणि तीही त्याच्यासमोर. खानसाहेबांनी नियमाप्रमाणे दुसरा पास फाडला, विलासने सही केली, ट्रक पुढे सरकले.

चटणी आता विलासच्या पाट्यावर वाटली जाते. उत्तम होते, हे मला मान्य करावे लागते. माझे काँक्रीट बाल्कनीत कपड्यांच्या स्टँडच्या पायावर ठेवले आहे. वारा सुटला तरी स्टँड हलत नाही.

दुसऱ्या पासाची प्रत अन्वीने फ्रिजवर चिकटवली आहे. त्यावर लिहिले आहे, माल: टाकाऊ काँक्रीट, नग एक. वजन: वीस किलो. किंमत: शून्य. पाठवणारा: व्ही. घाडगे.